हायल्युरोनिक ॲसिड वापरण्याआधी: साखळी किती लांब, प्रमाण किती आणि जातं कुठे

‘एक ग्रॅम हायल्युरोनिक ॲसिड सहा लिटर पाणी धरून ठेवतं’ हे वाक्य सीरमच्या खोक्यापासून गोळ्यांच्या डबीपर्यंत सगळीकडे छापलेलं असतं. साधा गुणाकार करून बघा. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात हा पदार्थ साधारण १५ ग्रॅम असतो. सहा लिटरचा हिशोब खरा धरला तर त्याने ९० लिटर पाणी धरायला हवं, आणि आख्ख्या शरीरात पाणी असतं जेमतेम ४२ लिटर. त्याच्या शर्करांच्या लांब साखळ्या पाण्यात फुगून खूप जागा व्यापतात आणि लिटरभर पाण्यात एक ग्रॅम टाकलं तरी पाणी दाटसर लागतं, एवढंच त्यातलं खरं.

त्यामुळे क्रीम असो, डोळ्यांचे थेंब असोत की गुडघ्यात द्यायचं इंजेक्शन, आधी तीन गोष्टी विचारायच्या. साखळी किती लांब आहे? प्रमाण किती आहे? आणि ते पोचतं कुठे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्म्याहून अधिक जाहिराती आपोआप गळून पडतात.

आधी पदार्थाची ओळख

कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये हा पदार्थ गायीच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळा केला. ग्रीक भाषेत काचेला ‘हायलॉस’ म्हणतात, नाव त्यावरून पडलं. शरीरात तो आम्लापेक्षा क्षाराच्या रूपात असतो, म्हणून लेबलावर बहुतेक वेळा ‘सोडियम हायल्युरोनेट’ लिहिलेलं दिसतं. आम्ल आणि क्षार दोन्हींना मिळून ‘हायल्युरोनान’ म्हणतात.

रचना अगदी सरळ आहे. ग्लुक्युरोनिक ॲसिड आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन या दोन शर्करा आळीपाळीने ओवलेल्या असतात. एका जोडीचं वजन सुमारे ४०० डाल्टन (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). अशा २५,००० जोड्या ओवल्या की साखळी एक कोटी डाल्टनच्या घरात जाते. या कुळातल्या इतर साखळ्या पेशीच्या आत बनतात आणि प्रथिनाला चिकटलेल्या असतात. ही मात्र पेशीच्या आवरणावरच विणली जाते आणि विणता विणताच बाहेर ढकलली जाते. विणणारी एन्झाइम्स तीन आहेत: एचएएस१, एचएएस२ आणि एचएएस३. त्यातलं दुसरं नसेल तर उंदराच्या गर्भात हृदय नीट घडत नाही आणि गर्भ जगत नाही.

शरीरातलं निम्मं हायल्युरोनान त्वचेत असतं. एकूण साठ्यापैकी जवळपास एक तृतीयांश, म्हणजे पाचेक ग्रॅम, रोज मोडून नवं बनतं. रक्तात आलेलं हायल्युरोनान दोन ते पाच मिनिटांत निम्म्यावर येतं, कारण यकृत ते झपाट्याने उचलतं. बाहेरून दिलेलं ‘कायम टिकतं’ असं कुणी सांगितलं तर हा वेग आठवावा.

लांबीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. निरोगी ऊतीतली लांब साखळी पेशींना शांत ठेवते, वंगण देते, जागा भरते. इजा झाली, सूज आली की एन्झाइम्स आणि ऑक्सिजनचे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल्स) तिचे तुकडे करतात, आणि हे आखूड तुकडे पेशींना धोक्याची सूचना देतात. सूज वाढते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखम भरायला हे काही दिवस हवंच असतं, पण महिनोन्महिने चाललं तर तेच दुखणं होऊन बसतं. म्हणजे रासायनिक नाव एकच, आणि लांबी बदलली की वागणूक उलटी.

सीरम: लेबल कसं वाचायचं, लावायचं कसं

बाटलीवर ‘२ टक्के हायल्युरोनिक द्रावण’ असं लिहिलं असेल तर ‘द्रावण’ या शब्दावर थांबा. कारखान्यात बऱ्याचदा १ टक्क्याचं तयार द्रावण आणतात आणि त्यातलं २ टक्के बाटलीत घालतात. मग प्रत्यक्ष प्रमाण उरतं ०.०२ टक्के. ३० मि.लि.च्या बाटलीत मोजून ६ मि.ग्रॅ. छापलेलं खोटं नसतं, पण वाचणारा फसतो. घटकांच्या यादीतला क्रमही बघा. सोडियम हायल्युरोनेट जर फिनॉक्सिइथेनॉलच्या खाली असेल तर ते एक टक्क्याहून कमी असणार, कारण त्या परिरक्षकाची (माल नासू न देणाऱ्या प्रिझर्व्हेटिव्हची) मर्यादाच बहुतेक ठिकाणी एक टक्का आहे. तसं कमी असण्यात वाईट काही नाही, ०.१ टक्क्यालाही त्वचा मऊ लागते. वाईट आहे ते भरमसाट किंमत देणं.

दहा लाख डाल्टनच्या वरची साखळी त्वचेच्या वरच्या थरावर पापुद्र्यासारखी बसते. ‘हायड्रोलाइज्ड’ लिहिलेलं असेल तर साखळी तोडून आखूड केलेली आहे, ती थोडी आत जाते. पण सुरकुत्या आतून भरून काढण्याइतकी नाही, आणि आधीच लालसर, जळजळणाऱ्या त्वचेवर आखूड साखळीने चुणचुण वाढू शकते. अशा त्वचेसाठी लांब साखळीचं सीरम बरं.

लावायची पद्धत: चेहरा धुऊन टिपून घ्या, पूर्ण कोरडा करू नका. दोन-तीन थेंब ओलसर त्वचेवर पसरा आणि मिनिटाभरात वर साधं मॉइश्चरायझर लावा. हे वरचं झाकण विसरलं की कोरड्या हवेत, विशेषतः एसीच्या खोलीत, पाणी उडून जातं आणि तासाभरात चेहरा आधीपेक्षा ताणल्यासारखा वाटतो. ‘मला सीरम सोसत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची चूक एवढीच असते. क्रीम चोळताना चेहऱ्यावर खोडरबरासारख्या वळकट्या सुटत असतील तर सीरम जास्त झालंय. थेंब निम्मे करा.

घरी बनवायचं असेल तर १ टक्क्याचं जेल पुरे. ९८ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, दहा ते पंधरा लाख डाल्टनची पावडर १ ग्रॅम, आणि पाण्यात विरघळणारं परिरक्षक त्याच्या पाकिटावरच्या प्रमाणात, साधारण १ ग्रॅम. पावडर एकदम ओतली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गाठी होतात, त्या ढवळून मोडत नाहीत. म्हणून चिमटीने पाण्यावर भुरभुरवा, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी चमच्याने सावकाश हलवा. मिक्सर फिरवू नका. जोराच्या घुसळण्याने साखळ्या तुटतात आणि जेल पातळ होतं. आणखी दोन खाचखळगे आहेत. हायल्युरोनानवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराची परिरक्षकं घातली की द्रावण दुधाळ होऊन साका बसतो. आणि व्हिटॅमिन सी त्यातच मिसळलं तर धातूच्या अंशामुळे मूलक तयार होऊन साखळ्या कापल्या जातात. ते वेगळ्या बाटलीत ठेवून वेगळ्या वेळी लावा. परिरक्षक न घालता केलेलं जेल फ्रिजमध्येही आठवड्याच्या पुढे ठेवू नये. आणि हे जेल डोळ्यात कधीही घालायचं नाही, कारण ते निर्जंतुक नसतं.

डोळ्यांचे थेंब

इथे हा पदार्थ खरोखर चोख काम करतो, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. डोळा उघडा असताना लांब साखळ्या एकमेकींत गुंतून थर दाट राहतो. पापणी मिटताना घर्षणाच्या जोराने त्या एका दिशेला सरळ होतात आणि थर क्षणभर पातळ होतो. पापणी सहज सरकते, पुन्हा उघडली की थर पुन्हा दाट. हे जमणारे पदार्थ थोडे आहेत.

थेंबांत प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ टक्के असतं. जास्त टक्क्याचे थेंब जास्त टिकतात, पण घातल्यावर काही मिनिटं धूसर दिसतं. गाडी चालवायच्या आधी ते नकोत.

हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करा आणि एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा हलकेच मिटून मिनिटभर थांबा, नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरा. दोन-तीन थेंब घालून काही फायदा नाही. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्याची खोबण फार तर ३० मायक्रोलिटर धरते. उरलेलं गालावर येतं. दुसरं औषधही घालायचं असेल तर पाच-दहा मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. दाट जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी.

दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक नसलेले थेंब घ्या. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे थेंबांतलं परिरक्षक वारंवार गेलं की बुबुळाच्या वरच्या थराला इजा करतं, आणि कोरडेपणावरचं औषधच कोरडेपणा वाढवतं. ते असलेले थेंब घालताना कॉन्टॅक्ट लेन्स काढा, १५ मिनिटांनी परत लावा. एकदा वापरायची कुपी उरली म्हणून संध्याकाळसाठी जपून ठेवू नका. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, एकच डोळा लाल झालाय किंवा दिसणं कमी झालंय, तर थेंब बदलून बघत बसू नका, डोळे तपासून घ्या.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही याचं दाट जेल वापरतात, साधारण १ टक्का किंवा त्याहून दाट. ते बुबुळाच्या मागचा नाजूक थर जपतं आणि भिंग बसवायला जागा धरून ठेवतं. काम झाल्यावर ते शोषून काढावं लागतं. मागे राहिलं तर डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायच्या जाळीत अडकतं आणि पहिल्या दिवसातच डोळ्याचा दाब चढतो. शस्त्रक्रियेच्या रात्री भुवईपाशी ठणका आणि मळमळ असेल तर सकाळची वाट न बघता फोन करा.

गुडघ्यातलं इंजेक्शन

निरोगी गुडघ्याच्या वंगणात दर मि.लि.ला २ ते ४ मि.ग्रॅ. हायल्युरोनान असतं आणि साखळ्या लाखो डाल्टनच्या. झिजलेल्या सांध्यात प्रमाण घटतं आणि साखळ्याही आखूड होतात. मग बाहेरून भरून काढू, ही कल्पना पटण्यासारखीच आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये अशा इंजेक्शनांना मान्यता मिळाली. अडचण अशी की भरलेलं वंगण सांध्यात मुक्कामाला राहत नाही. साधं, म्हणजे साखळ्या एकमेकींना रसायनाने न जोडलेलं हायल्युरोनान काही दिवसांतच निघून जातं. म्हणून ‘वर्षभराचं ऑइलिंग’ ही उपमा चुकीची आहे.

आणि परिणाम? २०२२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात खोट्या इंजेक्शनशी तुलना केलेल्या मोठ्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा वेदनेतला फरक १०० मि.मी.च्या पट्टीवर सुमारे २ मि.मी. निघाला. रुग्णाला जाणवायला साधारण ९ मि.मी. तरी लागतात. अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शनही हे इंजेक्शन सरसकट देऊ नका असंच सांगतं. आमचं मत स्पष्ट आहे: वजन उतरवणं, मांडीच्या स्नायूंचा तीन महिने नेटाने केलेला व्यायाम आणि साधी वेदनाशामकं यांच्या आधी याचा विचार नको. हाडाला हाड लागलेल्या गुडघ्यात तर पैसे पाण्यात.

तरीही घ्यायचं ठरलं तर तपशील नीट असू द्या. नेहमीचा क्रम म्हणजे दर आठवड्याला २ मि.लि., तीन ते पाच वेळा. किंवा एकदाच ६ मि.लि. जोडसाखळीचं जेल. सांध्यात पाणी झालं असेल तर ते आधी काढून टाकायला हवं, नाहीतर औषध पातळ होतं. सुई सांध्याच्या पोकळीत न जाता शेजारच्या चरबीत गेली तर नुसतं दुखणं पदरी पडतं; जाड गुडघ्यात सोनोग्राफीखाली देणं चांगलं. त्वचा पुसायला बेंझाल्कोनियमसारखं धन भाराचं जंतुनाशक वापरायचं नसतं, कारण सीरममध्ये बसतो तसाच साका इथेही बसू शकतो. कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेलं आहे की जिवाणूंच्या साहाय्याने बनवलेलं, हे अंडी किंवा पिसांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारावं.

नंतर ४८ तास धावणं, ओझं उचलणं, तासन्‌तास उभं राहणं टाळा. थोडं दुखणं, थोडी सूज दोन दिवसांत उतरते. एक ते तीन दिवसांत गुडघा टम्म फुगला, गरम झाला, पाय टेकवेना, तर दोन शक्यता असतात. एक, औषधाविरुद्ध आलेली तीव्र सूज. ही सहसा दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शननंतर दिसते. दुसरी, सांध्यात जंतुसंसर्ग. वरून दोन्ही सारखेच दिसतात. सांध्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय ‘रिॲक्शन आहे, बर्फ लावा’ म्हणून घरी पाठवणं धोक्याचं, कारण संसर्ग असेल तर कूर्चा काही दिवसांत खराब होते.

चेहऱ्यातले फिलर

साधं हायल्युरोनान त्वचेत एक-दोन दिवसांत मोडतं. फिलरमध्ये, म्हणजे सुरकुत्या-खळगे भरायला टोचायच्या जेलमध्ये, साखळ्या बीडीडीई नावाच्या रसायनाने एकमेकींना जोडतात, म्हणून तेच जेल सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. प्रमाण बहुधा दर मि.लि.ला २० मि.ग्रॅ.च्या आसपास. त्वचेच्या फार वरच्या थरात टोचलं तर निळसर छटा दिसते.

खरा धोका वेगळा आहे: जेल चुकून रक्तवाहिनीत जाणं. नाक, दोन भुवयांमधली जागा आणि नाकाच्या बाजूची घडी या जागा सगळ्यात जोखमीच्या, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. म्हणून सुई लागण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘हायल्युरोनिडेज आत्ता इथे आहे का, आणि किती युनिट?’ हे एन्झाइम जेल विरघळवतं. किमान १५०० युनिट जवळ नसतील तर उठून या. मधमाशीच्या डंखाने पूर्वी गंभीर ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. त्या विषातही याच जातीचं एन्झाइम असतं.

टोचताना किंवा नंतर त्वचा एकाएकी पांढरी पडली, जाळीसारखे निळे-जांभळे डाग उठले, दुखणं वाढतच गेलं, तर बोटाने दाबून सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त अडलंय असं समजा. लगेच हायल्युरोनिडेज: एका भागाला साधारण ५०० युनिट, दर तासाला पुन्हा, रंग परतेपर्यंत. शेक कोमट, बर्फ नाही. बर्फाने वाहिन्या आणखी आकसतात. ‘काळंनिळं पडलंय, उतरेल’ असं फोनवर ऐकून झोपी जाऊ नका. दृष्टी धूसर झाली किंवा गेली तर थेट नेत्ररुग्णालय. डोळ्याचा पडदा रक्ताविना तास-दीड तासच तग धरतो.

सुईविना दाबाने जेल मारणारं ‘हायल्युरॉन पेन’ घरी वापरू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्याविरुद्ध उघड इशारा दिला होता. जेल किती खोल जातंय यावर त्यात कुणाचाच ताबा नसतो.

गोळ्या आणि इतर वापर

गोळ्या रोज १२० ते २४० मि.ग्रॅ.च्या असतात. आतड्यातले जिवाणू साखळी मोडतात आणि तुकडे शोषले जातात; ते गुडघ्यातच किंवा गालातच जाऊन बसतील अशी सोय शरीरात नाही. चाचण्या लहान आहेत. अपाय फारसा नाही, एवढंच म्हणता येईल. दुखऱ्या मूत्राशयात ४० मि.ग्रॅ. हायल्युरोनान ५० मि.लि. द्रावणातून नळीने सोडून अर्धा तास धरून ठेवतात, तोही ठरावीक रुग्णांसाठीचा उपचार. कर्करोगाच्या काही औषधांत उलट हायल्युरोनिडेज हे एन्झाइम मिसळतात: ते त्वचेखालचं हायल्युरोनान थोडा वेळ मोडून वाट करतं, आणि शिरेतून तासन्‌तास द्यावं लागणारं औषध पोटाच्या त्वचेखाली पाचेक मिनिटांत देता येतं.

रक्ततपासणीत आकडा आला तर

यकृत घट्ट होऊ लागलं की ते रक्तातलं हायल्युरोनान उचलू शकत नाही आणि पातळी चढते. म्हणून ‘ईएलएफ’ या तपासणीत हायल्युरोनानसोबत आणखी दोन घटक मोजून एक गुण काढतात. चरबीमुळे सुजलेल्या यकृतात तो ९.८ च्या खाली असेल तर आजार बळावण्याचा धोका कमी, ११.३ किंवा त्यावर असेल तर जास्त. नमुना सकाळी उपाशीपोटी आणि थोडं शांत बसून द्या. जेवणानंतर आणि चालण्या-धावण्यानंतर सांध्यांतलं आणि आतड्यांतलं हायल्युरोनान लसिकेतून (लिम्फमधून) रक्तात येतं आणि आकडा फुगतो. संधिवात असेल तर तो यकृत ठणठणीत असतानाही चढलेला असू शकतो, तेव्हा तपासणीच्या कागदावर संधिवाताची नोंद करून घ्या. एवढं पाळूनही आकडा वाढलेला आला तर पुढची पायरी यकृताचा कडकपणा मोजणारं स्कॅन. फिलर आणि सीरम यांचा या आकड्याशी संबंध जोडायचं कारण नाही.